डोळ्यांतली निळसर झाक

मंगळवार, संध्याकाळ

स्वराचा हात तिसऱ्यांदा मोडला, नुसतं दप्तर उचलताना. डॉक्टरांनी हाताआधी तिचे डोळे बघितले, मग माझे. म्हणाले, "पांढऱ्या भागाचं आवरण पातळ आहे, म्हणून निळसर दिसतं. हाडंही त्याच जन्मजात दोषामुळे ठिसूळ. आईकडून आलंय."

आईकडून म्हणजे माझ्याकडून!

तळवलीहून मला बघायला आले तेव्हा सासूबाई ह्याच निळसर झाकेवर भाळल्या होत्या. आणि मी? ती झाक खुलावी म्हणून स्वराला रोज काजळ घालत होते. मागच्या वेळी हात मोडला तेव्हा धांदरट म्हणून तिला मारलंसुद्धा. मारलं मी!

घरी आले तर सासूबाई पाळण्यावर वाकलेल्या. किती लाडाने म्हणाल्या, "धाकटीचे डोले पन तुज्यासारखेच हायत गो."