तांबू पाणी पीत होती

आई, गेल्या मे महिन्यात मी तुझ्या पणतवाचा हात धरला. मनगटाला धरला, घट्ट धरला, आणि तो रडायला लागला तरी सोडला नाही. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तुझ्या लाडक्या लेकाचा नातू, चार वर्षांचा, गुटगुटीत, आणि आजोबासारखाच कुणाचं न ऐकणारा. तू असतीस तर त्याला माझ्या हातातून ओढून घेतलं असतंस आणि मला सगळ्यांसमोर बोलली असतीस. म्हणून हे तुलाच सांगते आहे. बाकी कुणाला समजावून सांगायची मला गरज वाटत नाही.

महाडच्या घरात आता मी एकटीच असते. मी आणि एक भुरकी मांजर. पुराच्या वर्षी पाणी ओसरल्यावर ती जिन्यात चिखलानं माखून बसलेली सापडली, तेव्हापासून इथंच आहे. म्हातारी झाली आहे, एका डोळ्यानं तिला नीट दिसत नाही. तुला घरात मांजर चाललं नसतं. पण हे घर मी माझ्या नोकरीवर बांधलं, तेव्हा इथं कोण राहणार ते मीच ठरवते. मे महिन्यात भाऊ, त्याचा मुलगा, सून आणि नातू अशी सगळी मुंबईहून आली. वीर स्टेशनला उतरून रिक्षानं दुपारी घरी पोचली. पोचल्यापोचल्या पोरानं मांजर पलंगाखाली पाहिली आणि शेपटीला धरून बाहेर ओढली. सुनेनं लगेच मोबाईल काढला. "आत्या, ही चावत नाही ना?" तिनं विचारलं. "अजून तरी चावली नाही," मी म्हटलं, "पण तिला दुखतंय." भाचा हसला. "खेळतोय गं आत्या तो. त्याला काय कळतंय?"

त्याला काय कळतंय. आई, हे वाक्य तुझं आहे. तुझा नातू ते तुझ्याच सुरात बोलला, आणि माझा हात भांडं विसळता विसळता थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात घावणे काढत होते. बाहेरून आवाज आला. इतक्या वर्षांत त्या मांजरीचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. तवा तसाच ठेवून गेले. पोरानं तिला बाजाराच्या कापडी पिशवीत कोंबलं होतं, पिशवीचं तोंड दोन्ही मुठींत आवळून धरलं होतं आणि तो गोल गोल फिरत होता. पिशवी दाराच्या चौकटीवर आपटत होती. त्याचे आईबाप झोपाळ्यावर बसून व्हिडिओ काढत होते. सून हसत म्हणत होती, "अरे, चक्कर येईल तिला!" मी पोराचं मनगट धरलं. "सोड." तो सोडेना. मी त्याची बोटं एकेक करून उघडली. मांजर पिशवीतून सरपटत निघाली आणि मोरीत जाऊन भिंतीला चिकटून बसली. पोरानं भोकाड पसरलं. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, त्याचा हात हातातच ठेवला, आणि म्हटलं, "तिला लागतं. तुला लागतं तसंच लागतं. असं परत करायचं नाही."

"लहान मुलावर हात टाकता तुम्ही?" सून म्हणाली. मी म्हटलं, "टाकला नाही. धरला. तो तू धरायला हवा होतास." भाचा म्हणाला, "आत्या, एका मांजरीसाठी?" आणि तुझा लेक, जो इतका वेळ पेपरात डोकं घालून बसला होता, तो म्हणाला, "तुला पोर असतं तर कळलं असतं." घावण्याचा जळका वास यायला लागला. मी म्हटलं, "पोर नाही म्हणूनच मला दिसतं. तुम्हाला राहायचं असेल तर राहा, जायचं असेल तर जा. मांजर कुठं जाणार नाही." दुपारच्या गाडीसाठी ती सगळी निघाली. मी रिक्षा बोलावून दिली, पोरासाठी डब्यात घावणे दिले, आणि माफी मागितली नाही. त्यानंतर पाच-सहा महिने कुणाचा फोन नाही. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "तुम्हीच करा की एक फोन, तुम्ही मोठ्या आहात." मी केला नाही. मी मोठी आहे म्हणूनच केला नाही.

आता दुसरं सांगते. हे तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्या वाडीत तू शाळेत बाई होतीस, बाबा मुंबईला होते, आणि शाळेला लागूनच्या दोन खोल्यांत आपण तिघं राहत होतो. मी नऊ वर्षांची, भाऊ चार. आमच्या दोघांच्या मध्ये तुझी दोन बाळं गेली होती हे मला ठाऊक होतं. तू त्यांच्याबद्दल कधी बोलायची नाहीस, पण त्याला साधं पडसं झालं तरी रात्रभर बसून राहायचीस. शाळेत चाळीस पोरं तुझ्या नजरेनं गप्प व्हायची. त्याला मात्र तू कधी "नको" म्हटलं नाहीस. तांबू वाडीचीच कुत्री, आपल्या पडवीत राहायची, आपल्याकडचा भात खायची. तो तिच्या पाठीवर बसायचा, तिचे ओठ ताणून दात मोजायचा, तिच्या पिल्लांना तंगडीला धरून फिरवायचा. ती उठून दुसरीकडे जायची, तो मागे जायचा. मी सांगत यायचे. तू वह्या तपासत म्हणायचीस, "खेळतोय तो. त्याला काय कळतं?"

त्या दिवशी तू पडवीतच खुर्चीवर आहेस, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. तांबू खांबाला टेकून झोपली आहे. त्यानं खराट्याची काडी काढली आहे आणि ती तिच्या कानात घालतो आहे. ती मान झटकते, तो परत घालतो. मी म्हणते, "आई, बघ ना." तू बघतेस. मला ते अजून दिसतं, आई. तू चष्म्यावरून बघतेस आणि परत वहीकडे वळतेस. मी त्याच्या हातातून काडी हिसकावते, तो किंचाळतो, आणि तू उठून मला एक थोबाडीत देतेस. "धाकट्याला रडवतेस? जा आत." मी आत जाते. त्यानं दुसरी काडी काढली असणार, कारण थोड्याच वेळात तांबू एकदा गुरगुरली आणि लगेच त्याची किंकाळी आली. डोळ्याच्या खाली, गालावर चावली होती.

महाडला डॉक्टरांनी जखम धुतली. मी तुझ्याबरोबर होते. ते तुला म्हणाले, "कुत्री बांधून ठेवा. दहा दिवस तिच्यावर नजर ठेवा. तिला काही झालं नाही तर पोराची पुढची इंजेक्शनं थांबवता येतील." तू मान हलवलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांना सांगून तू तांबूला गोणत्यात घालून कशेडी घाटाच्या पलीकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवलंस. मी म्हटलं, "आई, डॉक्टर म्हणाले बांधून ठेवा." तू म्हणालीस, "मला ती डोळ्यांसमोर नको." मग नजर ठेवायला कुत्रीच उरली नाही, आणि त्या पोराच्या पोटात चौदाच्या चौदा इंजेक्शनं गेली. रोज सकाळच्या एसटीनं तू त्याला कडेवर घेऊन महाडला जायचीस. रोज तो पोलादपूरच्या स्टँडवरच रडायला लागायचा.

इंजेक्शनं संपून चार दिवस झाले होते, तेव्हा तांबू परत आली. घाट उतरून, पायांची सालटी निघालेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पडवीखाली येऊन तिनं पाण्याच्या दगडी डोणीत तोंड घातलं आणि ती पाणी प्यायला लागली. आजूबाजूची माणसं जमली. काका म्हणाले, "बाई, ही पिसाळलेली नाय. बगा, पानी पितेय. पिसाळलेलं कुत्रं पान्याला तोंड लावत नाय." सगळे तुझ्याकडे बघत होते. तू तांबूकडे बघितलंस, मग दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे, सदऱ्याखाली अजून सुजलेल्या त्याच्या पोटाकडे. तेव्हा तुला कळलं, मला दिसलं की तुला कळलं. कुत्री बांधून ठेवली असती तर शेवटची चार इंजेक्शनं तरी वाचली असती. आणि तू म्हणालीस, "पिसाळलेलीच आहे. मी सांगते ना." काका म्हणाले, "तुमी सांगता म्हंजे..." आणि मान खाली घालून काठी आणायला गेले. तू मला आत घेतलंस, दार लावलंस, आणि म्हणालीस, "एकोणीसचा पाढा म्हण. मोठ्यानं." मी म्हटला. मोठ्यानं म्हटला. तरी ऐकू आलं.

पोर गमावलेल्या बाईचं काळीज मला कळत नाही असं नाही. तुझ्याच जिवावर मी शिकले, वाडीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी, आणि नोकरीच्या अर्जापायी तू माझ्यासाठी किती हेलपाटे घातलेस ते मी विसरलेले नाही. पण त्यामुळं त्या दिवशीचं खोटं खरं होत नाही. तांबूला तिच्या चावण्यानं नाही मारलं. तुला चूक झाली म्हणता आलं नाही, त्यानं मारलं. आणि त्या पोराला तू असं शिकवलंस की आपण कुणालाही दुखवावं, त्यानं उलटून दुखवलं की मोठी माणसं त्यालाच मारतात. मे महिन्यात माझ्या दारात पिशवी फिरत होती, ती तिथूनच फिरत आली होती.

दिवाळीत तुझा लेक आला. एकटाच आला, फोन न करता. चहा दिला, फराळ दिला, दोघंही मागच्या पायरीवर बसलो. मांजर उन्हात पडली होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. गालावरचा तो वण आता सुरकुत्यांत मिसळून गेला आहे, पण तो त्यावरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "मी तिच्या कानात काडी घातली होती ना?"

मी म्हटलं, "तुला आठवतं?"

"सगळं आठवतं," तो म्हणाला. "ती नको नको करत होती, तेपण आठवतं. मला माहीत होतं तिला दुखतंय. तरी घालत होतो. कुणी काही म्हणत नव्हतं ना." कप खाली ठेवून म्हणाला, "काकांनी तिला नेलं तेव्हा मी खिडकीत होतो. तू पाढे म्हणत होतीस. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं."

ऐकलंस, आई? चार वर्षांचा होता. त्याला काय कळतं म्हणायचीस ना? त्याला सगळं कळत होतं. साठीला आलेला माणूस माझ्या पायरीवर बसून रडला, आणि मी त्याचा चहा गरम करून आणला.

नाताळच्या सुट्टीत तो नातवाला घेऊन आला. भाचा आणि सून आली नाहीत, सुनेचा राग अजून आहे, असू दे. मी पोराला मांजरीपासून चार हात लांब जमिनीवर बसवलं आणि सांगितलं, "हात असा उघडा ठेवायचा आणि थांबायचं. तिला यायचं असेल तर ती येईल." पहिल्या दिवशी ती आली नाही. तो वैतागला, हात आपटून उठून गेला. दुसऱ्या दिवशी आली, बोटं हुंगली आणि निघून गेली. तो ओरडत आजोबाकडे धावला, "तिनं माझा वास घेतला!" त्यापुढं काही झालं नाही. मला तेवढं पुरलं. पुन्हा त्यानं तिला पिशवीत घातलं तर मी पुन्हा हात धरीन, तुझ्या लेकाच्या सुनेसमोर, आणि तू इथं उभी असतीस तर तुझ्यासमोरसुद्धा.

हे लिहिलेले कागद कुठं पाठवायचे नाहीत, कपाटात राहतील. फक्त एक राहिलं. शेवटचं वर्ष-सव्वा वर्ष तू माझ्याजवळ अंथरुणावर होतीस. मी तुला पेज भरवायचे, वेणी घालायचे, दुपारी आपण दोघीच असायचो. कितीदा तरी मी तांबूबद्दल विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. लोकांना सांगते, आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा. ते खरं नाही. मला भीती वाटायची की तू माझ्याकडे बघशील आणि विचारशील, "कुठली कुत्री?"