उशीतली सरकी

प्रिय माय,

तुझ्या नावानं लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. हसू नकोस! अमरावतीच्या शाळेत होतो तेव्हापासून आता अकोल्याच्या छापखान्यात बसतो तोवर घरी कितीतरी पत्रं धाडली. सगळी बाबांच्या नावानं. तुझ्या वाट्याला शेवटची एक ओळ यायची, ‘मातोश्रींस साष्टांग नमस्कार’. बाबा पत्र वाचून घडी घालायचे. तू चुलीपासून विचारायचीस, “काय लिवलं पोरानं?” ते म्हणायचे, “तुले नमस्कार लिवला.” झालं! तुला वाचता येत नाही, मग तुला काय लिहायचं, असं मी धरून चाललो होतो. आज तू वाचणार नाहीस आणि ऐकणारही नाहीस, आणि आजच लिहायला बसलो आहे.

उद्या अक्षय्यतृतीया. तुझ्या नावाची पहिली घागर भरायची, म्हणून तुझ्या सुनेला, सखूला घेऊन गावी आलो. दुपारी जेवण झाल्यावर ओसरीत आडवा झालो, तर सखूनं डोक्याखाली उशी सरकवली. डोकं टेकलं आणि कानामागं टोचलं. कूस बदलली, तर गालाला टोचलं. उठून बसलो, उशी चाचपली. आत सरकी होती! कापूस होता, पण बियांसकट, जसा वावरातून वेचून आणतात तसाच.

“ही कोनाची उशी?” मी विचारलं.

“आत्याबाईची,” सखू म्हणाली. तुझं नाव निघालं की ती अजून पदर सारखा करते. “तेरवीले बाकी अंथरून देल्लं. हे मी मांगं ठेवली.”

म्हणजे शेवटच्या हिवाळ्यातही तू उशी तशीच भरलीस. काहून, माय? आता तर सरकीला काही तोटा नाही. की तुझा आमच्यावर भरवसाच नव्हता?

ते पहिलं साल तुला आठवत असेलच. दर्यापार कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी असा मान आला की विचारू नये. अमरावतीत शाळेच्या खिडकीखालून दिवसभर कापसाच्या गाड्या जायच्या. धुळीनं पाटीवरचं अक्षर दिसायचं नाही. मी शेवटच्या वर्गात होतो. मिसरूड फुटलं होतं, लग्न झालं होतं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री होती.

त्या खात्रीनंच मी बाबांना पत्र लिहिलं. ‘घरी चरकीवर सरकी काढत बसू नये. तेवढ्यात भाव निघून जाईल. कापूस आहे तसा, सरकीसकट गाड्यांत भरून पाठवावा. पेरायला सरकी काय, बाजारात हवी तेवढी मिळेल. मातोश्रींस साष्टांग नमस्कार.’

तुला त्यातला फक्त नमस्कार मिळाला.

बाबांनी घरातला सगळा कापूस सरकीसकट विकला. एकटे तेच कशाला, सगळ्या गावानं तेच केलं. पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवणारी माणसं आम्ही, आणि कापसाच्या पोटातलं बीही त्याच्याबरोबर गाडीत चढून गेलं, हे कुणाच्या ध्यानात येऊ नये!

चैत्र सरता सरता मी सुट्टीला घरी आलो, तेव्हा सगळे खुशीत होते. बाबांनी रंगवलेला छकडा घेतला होता. तुझी चरकी माळ्यावर गेली होती. आणि घरात नव्या गाद्या, नव्या उश्या, दोन लोड! “उरल्यासुरल्या कापसाच्या भरल्या,” तू म्हणालीस. बाबांनी मिशीवर हात फिरवला होता म्हणे, “भर, भर! आता आपून काई कमी नाई.”

तो उन्हाळा मला इतका लख्ख आठवतो. अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांची गंजी, वाळून खडखडीत. सकाळी ऊन चढायच्या आत तू आणि सखू काड्यांवर कणकेचे सरगुंडे वळायचात. बाजेवर धोतराचं पान अंथरून त्यावर मुंगवड्या, आणि कावळे हाकायला तुझा तो हाताचा वारा. दुपारी आंबील आणि कांदा. मग दार लोटून घेऊन घरभर झोपा. झोपा कसल्या!

“माय, उशीत खडे भरले का?”

“तुह्या शाळेत लोडावर बसवतात वाटते!”

दुसऱ्या कोपऱ्यातून बाबा. “पोरगं खरं बोलून राह्यलं. गादीबी टोचते. पिंजाऱ्याले बोलाव ना.”

“त्याले सवड नाई.”

“मंग तू तरी पाय.”

“मले मुंगवड्या घालाच्या हायेत.”

आणि तू सुपारी कातरत बसायचीस, शांतपणे. आम्ही पेरणीच्या बियाण्यावर लोळत होतो, आणि तुझ्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही!

ज्येष्ठ लागला. मृग पंधरा दिवसांवर आला तसा गाव जागं झालं. वखरणी होऊन वावरं तयार, आणि पेरायला सरकी नाही. चावडीपुढच्या निंबाखाली जो तो दुसऱ्याला विचारायचा, “तुह्याकडं हाय का?” बाबा अकोटला दोन बाजार फिरले. दुसऱ्या खेपेला एक पोतं घेऊन आले. तू पोत्यात हात घातलास, मूठभर सरकी नाकाशी नेलीस आणि त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवलेस. चार दिवसांनी फडकं सोडलं, तर तीन दाण्यांना मोड. ढिगात ओल लागून बी आतून गरम झालं होतं, कुजलं होतं.

बाबा जेवायचे थांबले. मीही थांबलो, पण माझ्या न जेवण्याचं कारण वेगळं होतं. ‘बाजारात हवी तेवढी मिळेल’ हे अक्षर माझं होतं. बाबा एकदाही म्हणाले नाहीत की किसननं लिहिलं होतं. नवा छकडा दारात उभा होता आणि त्यांना त्याच्याकडं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू हात धुतलेस, पदर खोचलास, विळी घेतलीस आणि ओसरीतल्या मोठ्या गादीची शिवण उसवायला लागलीस.

“अवं, काय करून राह्यली! नवी गादी हाय!”

“नवी हाय म्हनूनच. जुनीत काय हाय?”

तू गादीत हात घालून पुंजका काढलास, बोटांनी फाकवलास. आत सरकी. ठणठणीत, आपल्याच वावरातली. बाबा उंबऱ्यावर बसले.

“हे तू पौषातच भरलं?”

“गाड्या भरल्या तवा मले कोनं इचारलं? मंग म्याबी कोनाले सांगतलं नाई.”

मग बाबांमधला शेतकरी जागा झाला. गाद्या चाचपत, उश्या दाबत ते अंदाज घेऊ लागले. “पर हे तं मोठ्या वावरापुरतीच होईन.”

“मोठ्या वावरापुरतीच भरली.”

“आन् विहिरीजवळचं?”

“तिथं जवारी. बियानं राखेत घालून मडक्यात ठेवलं हाय.”

म्हणजे कापूस कुठं आणि खायचं कुठं, हे तू पौषातच उश्यांच्या मापानं ठरवून टाकलं होतंस! त्या साली सगळ्यांना दोन्ही वावरांत कापूसच लावायचा होता. बाबांनाही. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

“अजून एखांदी उशी नसंन का कुठं?”

“हाय ना, तुमच्या डोक्याखालची. ते पह्यलेच पाह्यली. अंदर काईच नाई.”

“उशीत का डोक्यात?” दारातून शेजारच्या गोदाकाकूनं विचारलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा बाबा हसले. पोट धरून हसले.

माळ्यावरची चरकी खाली आली. भर ज्येष्ठात चार दिवस मी ती फिरवली. घामावर कापूस चिकटून मी म्हातारा दिसत होतो. तंतू उडून वाळत घातलेल्या कुरडयांवर बसले. त्या साली कुरडई तळायला टाकली की आधी तिच्या मिशा जळायच्या, असं सखू अजून सांगते. मग बाजेच्या सुतळीवर शेणामातीत ती सरकी तू घासलीस, दाणा दाणा सुटा होईपर्यंत. पेरताना तिफणीत अडकू नये म्हणून. हाताची सालं निघाली होती तुझ्या.

आणि शेवटच्या दिवशी गोदाकाकू सूप घेऊन आली. तिच्याही घरून सगळा कापूस गेला होता. मागायला तोंड उघडत नव्हतं तिचं, नुसतीच उभी. तुझी स्वतःची उशी तेवढी उसवायची राहिली होती. तू ती उसवलीस आणि तिच्या सुपात रिकामी केलीस.

“अवं, आपल्याले कमी पडंन,” बाबा हळूच म्हणाले.

“पडंन तं पडंन. तिचं सूप खाली कसं जाऊ देऊ?”

त्यानंतर नवा कापूस येईपर्यंत तू डोक्याखाली लुगड्याची घडी घेऊन झोपलीस. मी मात्र मऊ उशीवर झोपलो. वाटलं, निभावलं! पत्राचं कुणाला कळलं नाही.

पुढं लढाई संपली, भाव बसला. ज्यांनी सगळीकडं कापूसच लावला होता, ते ज्वारीसाठी गावोगाव हिंडले. आपल्या चुलीवरची भाकर एक दिवस चुकली नाही. लोक तुझं नाव काढायचे. बाबा तर चावडीवर अजून ती गोष्ट रंगवून सांगतात आणि शेवटी स्वतःच्या कपाळाला हात लावतात. “माहीच बुद्धी फिरली होती, सरकीसकट इकला!” मी कितीदा तिथं शेजारी बसलो आहे. कितीदा गप्प राहिलो आहे.

आज दुपारी ती उशी मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा सखू सहज म्हणाली, “त्या साली तुमाले कोनती उशी द्याची, ते आत्याबाई मले रोज सांगे. सगळ्यात जास्त टोचनारी. म्हने, शिकल्या डोक्याले हेच घाल.”

मी उशी खाली ठेवली. “मायले मालूम होतं?”

“सकाळी तुमचं पत्र आलं, दुपारी बाबांनी गाड्या सांगतल्या. आत्याबाईले अक्षर येत नोतं. पर बाबा एका दिवसात काई ठरवत नाईत, हे तं येत होतं.”

माय! तुला ठाऊक होतं! दर दुपारी माझी चूक माझ्याच डोक्याखाली ठेवून तू समोर सुपारी कातरत बसायचीस, आणि मी तुलाच विचारायचो, खडे भरले का म्हणून!

एकदा तरी बोलायचं होतंस. चार शब्द ऐकून घेतले असते, मोकळा झालो असतो. की मी आपण होऊन बोलावं म्हणून वाट बघत होतीस? इतकी वर्षं? शेवटी तू आजारी होतीस तेव्हा दोन दिवस तुझ्या उशाशी बसलो होतो. याच उशीच्या. तेव्हाही मी पावसापाण्याचंच बोललो.

पण एक सांगतो, ती उशी वाया गेली नाही. आता माझं पोट वर्तमानपत्रात लिहिण्यावर आहे. दर आठवड्याला छपाईचे खिळे जुळवणारा दारात येऊन उभा राहतो, कागद हातातून ओढून नेतो, आणि पीकपाण्यावर, भावावर मी लोकांना शहाणपण सांगतो. घाई असतेच. तरी ‘विका’ असं लिहायची वेळ आली की हात थांबतो. विकल्यावर घरात काय राहिलं पाहिजे, ते आधी लिहितो, मग पुढची ओळ. छापखान्यात वाटतं मी फार विचारी आहे. त्यांना काय माहीत, मला कानामागं टोचतं!

आता ऐक, काय करणार आहे ते. ही उशी मी उद्या उसवणार. तुझी चरकी खाली काढणार आणि मीच फिरवणार. निघेल ती सरकी महादू मृगाला मोठ्या वावरात पेरील. तसं त्याला सांगितलंही. माझ्या पाठचा असला तरी विहिरीजवळचं वावर अजून ज्वारीचंच ठेवतो तो, तू काळजी करू नकोस. आणि नव्या कापसाच्या वेच्याला ही खोळ पुन्हा भरून अकोल्याला नेईन. सरकीसकटच भरीन. दर साली.

राहिली एक गोष्ट. हे पत्रही मी बाबांच्याच हाती देणार आहे. उद्या तुझी घागर भरली की तिच्यापुढं बसून मोठ्यानं वाचा म्हणणार आहे, महादूसमोर, गोदाकाकूसमोर. या खेपेला त्यांना ‘तुले नमस्कार लिवला’ एवढ्यावर भागवता यायचं नाही.

नमस्कार आहेच.

तुझा,
शिकल्या डोक्याचा किसन