दुकानाचा दुसरा मालक

३ फेब्रुवारी
रेनो पुन्हा दुकानात! बुटांवरचा बर्फ न झटकता थेट भट्टीपाशी. मांस-बटाट्याचं सारण भरलेली गरम पेस्टी मोडून पाहिली — "गाजर? आईनं कधी गाजर घातलं होतं का गं? माझे पैसे आहेत यात!" गिऱ्हाइकांसमोर. मी पुढच्या गिऱ्हाइकाची पेस्टी बांधून दिली. भावाचे पैसे घेतले की जीभही गहाण पडते.

आईला शेवटची सहा वर्षं मी सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली; तिचं होतं नव्हतं ते रेनोला गेलं, मला काही नाही — रोज शिव्या घालते तिला. मग दुकानासाठी पैसे त्यानंच दिले. उपकार म्हणून!

१० फेब्रुवारी
कराचे कागद घेऊन ट्रुडीकडे गेले, माझा हिशेब तीच बघते. दुकान उघडण्याआधी केलेला खर्च — थोडा या वर्षी वजा, उरलेला पंधरा वर्षांत! "तोवर मी जगले तर," म्हटलं. ती हसली नाही.

"रेनोचे पैसे कुठे दाखवू? तुझ्या या धंद्याला मालक एकच असतो, ऐली. गुंतवणूकदार यात बसत नाही. ते कर्ज म्हण, नाहीतर भेट. नाहीतर तुम्ही भागीदार — मग कागदच वेगळे."

भागीदार! कागद गोळा करून घरी आले.

१४ फेब्रुवारी
गावच्या क्लबात दर शुक्रवारचं तळलेल्या माशांचं जेवण. रेनो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात — "आमचं दुकान! भागीदारीच लिही. तोट्यातला वाटा माझ्या करातून सुटेल." माझ्या तोट्याचं याला कौतुक.

मी म्हटलं, "कर्ज लिहीन. फेडून मोकळी होईन."

"कर्जाचा कागद कुठाय?"

कागद नाहीच. आमच्यात भावाबहिणीत कोण कागद करतं?

१७ फेब्रुवारी
आज गाजर दुप्पट घातलं.

२० फेब्रुवारी
ट्रुडीनं माझ्यासमोरच त्याला फोन लावला. "भेट म्हणूया. कर बहुधा लागणार नाही. पण एवढ्या रकमेचा फॉर्म देणाऱ्यानं भरायचा — हे पैसे माझे होते, मी दिले, असं सही करून." "सही करायलाच हवी का?" त्यानं दोनदा विचारलं. मग, "उद्या येतो."

आला की पुन्हा उपकार मोजून दाखवेल. मेला!

२१ फेब्रुवारी
आला, पण खोटी सही करायला घाबरला; शेवटी कबूल केलं. पैसे आईचे होते. "ऐलीला दे" म्हणून मरायच्या आधी त्याच्या हाती दिलेले. आणि मी दोन वर्षं रोज तिला शिव्या घातल्या — आईला!