आईपुढची तालीम

प्रिय दादा,

उद्या परिषदेत मला माझं संशोधन मांडायचंय. जमिनीखालच्या पाइपातली गळती नुसत्या आवाजावरून कशी शोधायची, हा विषय. माझे गाइड म्हणाले, "ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, अशा माणसापुढे तालीम कर." आपल्या घरात तसं माणूस आहेच. आई काल ऐकलेलं आज विसरते, त्यामुळे मला रोज कोरा श्रोता मिळतो.

पहिल्या आलेखालाच ती जांभई द्यायची, तो काढला. "कंपनांचं पृथक्करण" म्हटलं की, "म्हणजे काय गं?" तेही गेलं. आता मी सुरुवातीलाच पाइपाचा आवाज ऐकवते.

आज तिने शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. "गळतोय की मेला!" म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "किती सोपं करून सांगता हो तुम्ही! माझी लेकही असलंच काहीतरी शिकते, पण तिचं मला कधी ओ का ठो कळलं नाही. तिला जरा शिकवाल?"

मी "शिकवते" म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

हे काही तुला पाठवत नाही. फोनवर विचारलंस, तर तालीम छान झाली, एवढंच सांगेन.

तुझी,
धाकटी