तांब्यावरची शाई

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा रेडिओ-दुरुस्ती, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोक्याबद्दल बायकोचे मत वेगळे आहे. कोणाचा दबाव नाही, नशा नाही.

१. घर आणि बँकेतली ठेव बायकोची. तिची नेलपॉलिशही तिचीच. चाळीस वर्षांत तिच्या नखांपेक्षा माझ्या सर्किट बोर्डांना ती जास्त लागली.

२. प्रिंटर आणि इस्त्री मुलीची. ती सर्किट कागदावर छापते, कागद बोर्डावर ठेवून इस्त्री दाबते. छपाईची पूड बोर्डावरच्या तांब्याला चिकटते. रेघ माझ्यापेक्षा बारीक येते. हे तिला तोंडावर सांगणे जमले नाही. ती इस्त्री कपड्यांवर फिरवू नये. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अजून अर्धा अॅम्प्लिफायर आहे.

३. तांबे खाणारे द्रावण मोरीत ओतू नये. मेहुण्याने ओतले होते. पाइप गेला आणि खालच्या दंतवैद्यबाईंच्या खुर्चीवर तपकिरी पाऊस पडला. मेहुण्याला काही नाही.

४. मागची खोली, ड्रिल आणि डाव्या ड्रॉवरमधला फुकट गेलेला बोर्ड धाकट्या भावाला.

कारण लिहिणे भाग आहे. बोर्ड करताना ज्या रेघा ठेवायच्या त्या झाकतात. उघडे तांबे द्रावण खाते. मी नेलपॉलिशने झाकायचो, तो मार्करने. एकोणीस वर्षांपूर्वी नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेचा बोर्ड त्याने मार्करने काढला. द्रावणात शाई सुटली, रेघा गेल्या, कामही गेले. मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "शाळेतलं पेन घेऊन धंदा करतोय." तो म्हणाला, "दादा, तुझं नेलपॉलिश तुझ्याच नखांना लाव," आणि निघून गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

दोष मार्करचा नव्हता. त्याने तांबे घासून, पुसून ठेवले होते. तो बाहेर गेला असताना मी ड्रिलला तेल दिले आणि त्याच हाताने बोर्ड उचलून पाहिला. तेलकट तांब्यावर शाई धरत नाही; नेमका माझा अंगठा होता तिथेच ती सुटली. हे मला त्याच संध्याकाळी कळले. मेल्यावर त्याला कळावे, अशी मी सोय करत होतो.

५. हे कलम आज वाढवले. बायकोने धाकट्याला साक्षीदार म्हणून परस्पर बोलावले. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळतं, त्यांची सही नको."

"मला काय मिळतंय?" त्याने त्यांनाच विचारले. माझ्याकडे पाहिले नाही.

मी डावा ड्रॉवर उघडला आणि तो बोर्ड व चौथ्या कलमाचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने कलम वाचले. मग बोर्ड खिडकीकडे धरून खाल्लेल्या जागेवर स्वतःचा अंगठा ठेवला.

"दादा, इतकी वर्षं मी मार्कर बदलत बसलो."

"हो."

"नालायक आहेस."

"तेही घालू का?"

"घाल."

घातले आहे. सही करायला गेलो तर पेन चालेना. त्याने खिशातून मार्कर काढला, पुढे केला आणि मागे घेतला.

"आधी हात धुऊन ये."

साक्षीदार: खालच्या दंतवैद्यबाई, समोरचा शिंपी
ठिकाण: मागची खोली
दिनांक: नऊ मार्च, दुपार
सही: केली. काळ्या मार्करने, साबणाने दोनदा हात धुऊन.