यांचा डबा आणि माझ्या माहेरची पंगत

४ मे, रविवार
राणीसावरगावला भाचीचं लग्न. भर पंगतीत यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. वाढपी बुंदी घेऊन उभा, आणि हे म्हणतात, "मला नको. मी घरचंच खातो." माझा धाकटा भाऊ बालाजी, मुलीचा बाप, हात जोडून समोर. "दाजी, दोन घास तरी घ्या." हे त्यालाच पामतेलाचे तोटे सांगत बसले! वर, "तुमच्या अक्काच्या हातची सवय हाय." सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. डबा मीच भरलेला. वाटेत खातील म्हणून. मूर्ख मी.

५ मे
पालमला घरी परत. सकाळी यांचा फोनवर कुणाला तरी उपदेश. "घरचं खा, पैसा वाचतो, दवाखाना वाचतो. पन्नाशी आली, एक गोळी न्हाई मला." खरंय. बीपीची गोळी मी घेते. यांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते, एकेक. संपली की हाक. माझ्या वाट्याला शेवटच्या, यांचं जेवण आवरेपर्यंत गार झालेल्या. शेजारणी म्हणतात, नशीबवान गं तू, नवऱ्याला बाहेरचा नाद नाही. आयत्या पिठावर रेघोट्या, आणि कौतुक कुणाचं!

७ मे
बालाजी फोन उचलत नाही. भावजय बोलली, सविता. "लय मनाला लागलंय वन्सं त्येंच्या. मांडवामागं जाऊन रडले." लेकीच्या लग्नात रडला, आणि ते आमच्यामुळं. यांना म्हटलं, फोन करा, चुकलं म्हणा.
"माझं काय चुकलं? तब्येत माझी हाय."
पातेलं आपटलं. चेपलं. चेपू दे.

८ मे
सांगितलं, उद्या सकाळच्या एस.टी.नं माहेरी चालले. एकटी. पहिला प्रश्न, "आन् माझ्या जेवणाचं?" बालाजीचं नाव नाही. म्हटलं, पीठ डब्यात आहे, गॅस आहे, दोन हात आहेत. तोंडावर म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

९ मे
राणीसावरगाव. बालाजीनं पाणी दिलं, बोलला नाही. सवितानं चुलीपाशीच बसवलं. टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून माझ्या ताटात. मी सवयीनं ताट सरकवलं, आधी त्याला दे. "बसा वन्सं. गरम हाय तवर तुमी खा." शेवटची गरम भाकरी कधी खाल्ली होती, आठवेना. संतापानं रडूच आलं, घास तोंडात तसाच. तेवढ्यात यांचा फोन. सकाळपासून चौथा. बालाजी दारात येऊन उभा राहिला. "दाजींचा असंल. उचल की, अक्का."
बोलला एकदाचा.
"भाकर गार होईल," म्हटलं.
वाजून वाजून बंद झाला. मी दुसरी मागितली. तोवर परत वाजायला लागला.