आपण थोडं थांबायला हवं

प्रिय धाकट्या,

पाकिटावर पत्ता लिहिताना वाटलं, हे अक्षर तू ओळखशील का? शाळेत तुझं अक्षर मोत्यासारखं आणि माझं कोंबडीच्या पायांसारखं, असं गुरुजी म्हणायचे. कोंबडी आता म्हातारी झाली आहे, एवढाच फरक. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे जुना आहे, म्हणून कचेरीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. दुसऱ्या कोणी उघडलं असेल तर त्याला माझी विनंती आहे की इथेच थांबावं. ही गाडीबद्दलची तक्रार नाही, घरचं पत्र आहे.

मी ठीक आहे. बाबांचं काचेचं दुकान होतं तिथेच आहे. दाराच्या वरची फळी आता रंगाने धरून ठेवलेली आहे, पण आत सगळं तसंच. कापायचं मोठं टेबल, त्यावरचा घोंगडीचा तुकडा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या उभ्या काचा. तुझ्या वहिनीची कंबर अधूनमधून धरते आणि तिचा राग मात्र बारा महिने ठणठणीत असतो. सकाळी दुकान उघडलं की बाबांसारखाच क्षणभर हात जोडून उभा राहतो. काही मागत नाही. हातून कोणाला कापू नये, एवढंच मनात असतं.

ती तुमची विजेवर चालणारी गाडी मी घेतली, हे तुला ठाऊक आहेच. तुमची म्हणतो, कारण ती बनवणाऱ्या कंपनीत तुझ्या कचेरीने पैसा घातला आहे असं पेपरात वाचलं होतं. खरं सांगायचं तर त्यासाठीच घेतली. जुनी डिझेलची गाडी उभी असली तरी थरथरायची. काच कितीही नीट बांधा, मध्ये कितीही कागद घाला, एखादी तडकायचीच. बाबा म्हणायचे, एक काच वाटेची. गिऱ्हाइकाला चार हव्या असल्या तर पाच भरायचे. नवी गाडी घेतल्यापासून वाटेने आपला वाटा मागितलेला नाही. इतकी शांत चालते की सुरुवातीला लाकडी घोडीवर उभ्या केलेल्या काचा मागे आहेत की नाहीत, हे मी वळून वळून बघायचो. आईला पहिल्यांदा बसवलं तेव्हा गल्ली संपली तरी ती विचारत होती, अरे, सुरू कधी करणार?

आईचं तुझ्याबद्दल एकच मागणं होतं, तू एकदा घरी यावंस. पैसे नकोत, औषधं नकोत. तू यावंस, खिडकीजवळच्या कॉटवर दुपारी झोपावंस आणि तिने दाराशी बसून कोणाला आवाज करू देऊ नये, एवढंच. आपलं काही भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं. तुझे फोन आधी आठवड्याने यायचे, मग महिन्याने, मग वर्षाच्या सुरुवातीला, आणि मग तुझ्या मदतनीस मुलीचे यायला लागले, साहेबांनी चौकशी केली आहे म्हणून. आई तिलाही जेवलीस का विचारायची. तुझा फोन आला नाही की म्हणायची, तिकडे रेंज नसेल. एवढ्या मोठ्या शहरात सगळ्यांना रेंज आहे आणि तिच्याच मुलाला नाही, हे वहिनीने एकदा बोलून दाखवलं तेव्हा आई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

म्हणून गाडीचे मालक आणि पैसा घालणारे यांना कंपनीने एकत्र बोलावलं आहे, आणि बोलणाऱ्यांत तुझं नाव आहे, असं कार्ड आलं तेव्हा घरात लग्न निघाल्यासारखं झालं. आईने ते कार्ड माझ्याकडून वाचून घेतलं, मग शेजारच्या शिंप्याकडून, माझ्यावर भरवसा नसल्यासारखं. माझा शर्ट तिने स्वतः इस्त्री केला. निघताना मला उंबऱ्यावर थांबवून म्हणाली, गाडीचं काय विचारायचं ते विचार, पण त्याला विचार, कधी येतोस.

तो दिवस तुझ्यासाठी कामाचा होता, शंभरातला एक. मला मात्र सगळं आठवतं. दाराशीच आमच्या गळ्यात पाट्या अडकवल्या. माझ्या पाटीवर नाव आणि खाली मालक. जन्मभर लोकांच्या घरात पायताण काढून, मालक कुठे आहेत असं विचारत शिरलो, आणि त्या दिवशी मीच मालक. डाव्या बाजूला आम्ही, उजव्या बाजूला पैसेवाले. त्यांच्या खुर्च्यांना पांढरे कपडे घातले होते. आमच्यातला एक दूधवाला म्हणाला, आपल्या खुर्च्या उघड्याच बऱ्या, आपल्याला बसल्यावर डाग पडतात.

मग जुंपली. आमच्यात एक ड्रायव्हर आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. त्याने माईक घेतला तो सोडेचना. म्हणाला, जाहिरातीत लिहिलेली रेंज रिकाम्या गाडीची आहे, मी काय हौद्यात हवा भरून विकतो? भाजीवाल्या बाईंनी सांगितलं की वाटेत चार्जिंगला उभं राहिलं की गाडी ताजी होते आणि पालेभाजी मान टाकते. उजवीकडून एका निवृत्त मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, मला गाडी चालवता येत नाही, पण माझी म्हातारपणाची पुंजी तुमच्या हौद्यात बसली आहे, जरा सांभाळून चालवा. सगळा हॉल हसला. नंतर त्यांच्याच बाजूच्या, पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी सरळ विचारलं, एवढा त्रास आहे तर डिझेलकडे परत जाणार का? वकिलाने माईक दूधवाल्याकडे सरकवला.  शेवटी दूधवाला म्हणाला, नाही बाई. पहाटे कोणाची झोप मोडत नाही माझ्यामुळे. पूर्वी अख्खी आळी मला शिव्या घालत उठायची, आता दुधात पाणी आहे म्हणून घालते, पण उठल्यावर.

त्या गोंधळात मला गंमत वाटत होती. सगळे रेंजवरून भांडत होते, आणि मी आईचा विचार करत होतो.

तू मंचावर मध्ये बसला होतास. कानाजवळ केस पिकले आहेत तुझे, बाबांचे पिकले होते तिथेच. चष्मा काढून नाक चोळायची सवय तशीच आहे. माझा नंबर आला, मी उभा राहिलो आणि माईक हातात घेतला. एवढ्या लोकांत, त्या मोठ्या दिव्यांखाली, आई बोलावते असं कसं म्हणणार? मी काचेचं सांगितलं. काच जड असते, चढावर वजन घेऊन गेलं की रेंज निम्मी होते, परत घरी पोचू की नाही याची धाकधूक असते. हे असं किती दिवस चालायचं, असं मी विचारलं. ते मी गाडीबद्दल विचारलं होतं आणि नव्हतंही.

तू माझ्याकडे पाहिलंस. पाटीकडे पाहिलंस आणि पुन्हा माझ्याकडे. तू ओळखलंस, याबद्दल मला शंका नाही. मग शांतपणे म्हणालास, आपण थोडं थांबायला हवं, सगळं होईल. शेजारच्या साहेबांनी मान डोलावली, माईक पुढे गेला. वकील माझ्या कानात पुटपुटला, बघा, किती अदबीने कटवलं. मला तेव्हा कळलं की लहानपणी अरे दादा, तू असा, तू तसा म्हणणाऱ्या माझ्या भावाने मला आपण म्हटलं होतं. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. यात तुझी चूक नाही. मंचावर बसलेल्या माणसाने खालच्याला एकाएकी तू म्हटलं असतं तर लोकांनी तुला उद्धट ठरवलं असतं. तुझ्या जागी मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

नंतर मी गाड्या उभ्या करतात तिथे थांबलो. तुझी काळी गाडी माझ्यासमोरून गेली. मी हात वर केला. तिच्या खिडक्यांसारखी काळी काच मी स्वतः लोकांच्या गाड्यांना बसवतो, बाहेरून आतलं दिसत नाही, आतून बाहेरचं स्वच्छ दिसतं. पण तू फोनवर असशील, किंवा दुसऱ्या बाजूला बसला असशील.

घरी आलो तर आई दारातच. पायही धुवू दिले नाहीत. काय म्हणाला? मी सांगितलं, जसंच्या तसं, शब्द न शब्द. माझ्याच्याने दुसरं रचून सांगणं झालं नाही, आणि मला वाटलं, ती ऐकेल आणि समजेल. ती समजली, पण वेगळंच. तिने पुन्हा विचारलं, आपण म्हणाला? मी म्हटलं, हो. तिचा चेहरा असा उजळला की मी वर दिव्याकडे पाहिलं. अरे धाकट्या, आपल्या घरात एका माणसाला कोणी कधी आपण म्हटलंय का? आईच्या लेखी त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. आपण जेवू, आपण झोपू, आपण बाबांची वाट बघू. आपण म्हणजे सगळे मिळून. तिने ऐकलं ते असं की तू, मी आणि ती, आपण तिघांनी थोडं थांबायला हवं, मग सगळं होईल. म्हणजे तूही तिकडे थांबलेला आहेस. म्हणजे ती एकटी वाट बघत नाही.

मी पाय धुवायला वळलो. वहिनीने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं, तिला सगळं कळलं होतं. ज्या बाईने रेंजवरून आईला टोकलं होतं, ती म्हणाली, मग काय, भाऊजी शब्दाचे पक्के आहेत.

त्यानंतर आई बदलली. मावशीला सांगून झालं, शिंप्याला सांगून झालं, पाव आणून देणाऱ्यालाही सांगून झालं, धाकटा म्हणालाय, आपण थोडं थांबू. कॉटशेजारच्या खिडकीची धुरकट काच तिने मला बदलायला लावली. उजेडाने तुला दुपारी झोप लागणार नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, पडदा लावू, पण उठल्यावर त्याला बाहेरचं नीट दिसलं पाहिजे. फोनची वाट बघणं तिने सोडून दिलं. रात्री शांत झोपायला लागली. डॉक्टर म्हणाले, यांना कोणतं औषध सुरू केलंत? 

मग पावलं सुजायला लागली. दम लागायला लागला. मी तिला गाडीतून दवाखान्यात नेत असे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की जवळच्या माणसांना कळवा. मी आईला म्हटलं, धाकट्याला बोलावतो. तर ती रागावली. म्हणाली, आपलं ठरलंय ना थांबायचं? तो तिकडे दम धरून बसलाय आणि मीच घाई करू? कामात आहे तो. शब्द मोडायचा नाही.

तरी मी फोन केला, तुझा जुना नंबर लागत नाही म्हणून कचेरीत. तुझी ती मदतनीस मुलगी आता नाही वाटतं. दुसऱ्या मुलीने उचलला आणि विचारलं, आपण कोण? गोंधळून मी म्हटलं, गाडीचा मालक. कोणी असं विचारलं की आता तेच तोंडात येतं. गाडीच्या कंपनीला कळवते म्हणून तिने गाडीचा नंबर घेतला. मी सांगत राहिलो की मी त्यांचा भाऊ आहे, आई आजारी आहे. ती गोड आवाजात म्हणाली, आपली तक्रार नोंदवली आहे, कंपनीचा माणूस आपल्याशी संपर्क साधेल. माणूस आलाही, खरंच. त्याने गाडीची बॅटरी तपासली, उत्तम आहे म्हणाला आणि गेला. पुन्हा फोन केला तर तीच मुलगी आणि तोच गोड आवाज.

धाकट्या, आई गेली. सकाळी गेली, खिडकीकडे तोंड करून, फार त्रास न होता. तुला हे असं कागदावर कळावं असं मला वाटत नव्हतं, पण दुसऱ्या कोणत्याही वाटेने मी तुझ्यापर्यंत पोचू शकलो नाही. आम्ही तिला निरोप दिला, सगळे आले होते. तुझ्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही, उलट मावशी सगळ्यांना सांगत होती की त्यांचं आपसात ठरलं होतं. तू येशील, आज नाही तर उद्या, हे मी धरून चाललो आहे. आणि त्यासाठीच हे पत्र आधी लिहितो आहे, म्हणजे तू बेसावध येणार नाहीस. गल्लीत शिरलास की शिंपी उठून उभा राहील, मावशी तुझा हात धरेल, आणि दोघंही तेच म्हणतील, आई म्हणायची, धाकटा म्हणाला आपण थांबू. त्या वेळी तू गडबडून जाऊ नकोस. मी तसं म्हणालो नव्हतो, असं म्हणू नकोस. खोटंही बोलायला नको, नुसती मान हलव. ती ज्या एका शब्दावर शेवटी सुखाने जगली, तो तुझ्याच तोंडचा होता, एवढं तर खरं आहे. बाकी देव बघेल. आणि घरात आलास, दार लावून घेतलंस, की मला तू म्हण.

तुझाच,
दादा